तारखेला न येणारी पोरगी

काही केसेस निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाहीत. या केसमध्ये खून नव्हता, दरोडा नव्हता, तरी ती रोज आठवते.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. दहावीनंतर शाळा सुटली. जालना जिल्ह्यात पोलीस भरती निघाली, तिथं पोटापाण्याला लागलो. घर लांब, शिक्षण कमी. पण या जिल्ह्यानं मला सांभाळलं, जमादार केलं. ते उपकार फिटायचे नाहीत.

तेव्हा माझ्याकडं कैदी पार्टीचं काम होतं. तुरुंगातून आरोपी घ्यायचा, न्यायालयात हजर करायचा, संध्याकाळी परत पोचवायचा. त्यात परतूरची एक तृतीयपंथी पोरगी होती. मोबाईल चोरल्याचा आरोप. मागच्या दोन्ही तारखांना ती बाहेरच आली नाही. 'येण्यास नकार' एवढं लिहून आम्ही गाडी हलवली. न्यायाधीशांनी बजावलं, पुढच्या तारखेला समोर उभी राहिली तरच जामिनाचं बघू.

तिच्यासाठी धावपळ करायच्या त्या आपा. त्याही तृतीयपंथी. कधीकाळी खोटा आळ येऊन तुरुंगात राहिलेल्या आणि निर्दोष सुटलेल्या. तेव्हापासून आतल्या लोकांसाठी वकील गाठायचे, जामीनदार उभे करायचे, हेच त्यांचं आयुष्य. तृतीयपंथीयांना पुरुषांच्या बराकीत ठेवू नका म्हणून त्या अधिकाऱ्यांच्या दारात ठाण मांडून बसल्या आणि वेगळी खोली मिळवूनच उठल्या.

तारखेच्या आदल्या दिवशी तुरुंगासमोरच्या चहावाल्यानं मला खबर दिली. "जमादार, आपा आत लोखंड घेऊन चालल्या. पदराला गाठ मारताना मी सोता बघितलं."

आपांना फाटकावरच थांबवून ठाण्यात आणलं. पहिली अडचण अंगझडतीची. कोणी घ्यायची? शिपाई माझ्याकडं बघतोय, मी महिला शिपायाकडं बघतोय.

"अहो, मलाच इचारा की!" आपा म्हणाल्या. "बाई हाय मी. बाईनंच घ्यावी. का बाई म्हणून नोंद असलेलं सरकारी कार्ड दाखवू?"

महिला शिपायानं झडती घेतली. पदराच्या गाठीतून निघाला बोटाएवढा पोलादी चिमटा. पंचांसमोर टेबलावर ठेवला. आमचे फौजदार तरुण, हुशार. म्हणाले, "कुलूप उघडायचं हत्यार आहे हे." एका शिपायानं तो बेडीवर चालवून बघितला. त्याला घाम फुटला, बेडी काही उघडली नाही.

मी विचारलं, "आपा, हे कशासाठी?"

"न्हाई सांगत."

"गुन्हा दाखल होईल. तुमच्या भेटी बंद होतील."

त्यांचा चेहरा उतरला. "मंग त्या पोरीला कोण हाय, साहेब? पण तिची इज्जत हाय. इतक्या गड्यांसमोर न्हाई बोलणार."

इतक्यात महिला शिपाई खुदकन हसली. तिनं चिमटा उचलला, भिंतीवरच्या आरशासमोर गेली आणि हनुवटीवरचा एक केस चटकन उपटला. "साहेब, हा कुलपाला नाही, इथं लागतो."

मी सगळ्या गड्यांना बाहेर काढलं. आपा हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्यात वस्तरा न्हाई लावत. हिरवे खुंट दिसतात. गुरू चेलीला चिमटा देतो. आत तिची दाढी वाढून राह्यली. म्हणती, आपा, इथंच मरंन, पण असं तोंड घेऊन कोर्टात येणार न्हाई."

धातूची वस्तू आत सोडता येत नव्हती. मग मी आपांना घेऊन तुरुंगाधिकाऱ्यांकडं गेलो. मोठ्या साहेबांसमोर बोलायची सवय नव्हती, तरी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "चिमटा फाटकावर ठेवा. सकाळी भेटीच्या खोलीत, महिला रक्षकासमोर, आपांनी स्वतः करावं."

सकाळी त्या खोलीतून 'आई गं!' अशा किंकाळ्या आणि आपांचा आवाज. "वरडू नगं गं! बाहेर पोलिसांना वाटंल, मीच थर्ड डिग्री देऊन राह्यली!" बाहेर आमची सगळी पार्टी पोट धरून हसत होती.

पोरगी आली. हनुवटी लालबुंद, वर पावडरचा थर. गाडीपाशी येऊन थबकली. मला वाटलं, आता परत फिरणार.

"आरसा हाय का?"

आमचा चालक कायम करवादलेला. पण त्यानं गाडीचा बाजूचा आरसा तिच्याकडं वळवला. "बघ बराबर. आन् चल जल्दी, पुकारा व्हायचाय."

न्यायालयात तिचं नाव पुकारलं. "हजर!" असं ती इतक्या मोठ्यानं ओरडली की खाली मान घालून लिहिणाऱ्या कारकुनानंही वर बघितलं. जामीन त्याच दिवशी झाला.

माणूस तुरुंगाला भितो, त्याहून जास्त चारचौघांत आपण कसे दिसू याला भितो. पुढं कोणी कैदी 'येत नाही' म्हणाला की मी नकार लिहिण्याआधी विचारायचो, "बाबा, काय कमी आहे?" एका म्हाताऱ्याची कवळी हरवली होती. एकाला चप्पल नव्हती. एकाच्या शर्टाला बटणं नव्हती आणि न्यायालयात सासरे येणार होते. ती बटणं मी स्वतः लावली. तो कॉलर ताठ करून गाडीत चढला.