सहा काळ्या पट्ट्या

पुण्याच्या प्रयोगशाळेतून स्टीलच्या सहा पट्ट्या घेऊन मी वालूरला घरी आलो, तेव्हा मायनं विचारलं, "हे काय जाळून आणलं रे?" मी म्हणालो, "तुला न्हाई कळायचं." पीएच.डी.ची मस्ती, दुसरं काय!

कळायला अवघड काहीच नव्हतं. लेझरनं स्टीलवर केसाहून बारीक चर पाडले की ते काळं पडतं. नव्या पट्टीवर पाणी टाकलं तर लगेच पसरतं. मग ती नुसती उघडी ठेवायची. हवेतले न दिसणारे तेलकट कण चरांवर बसत जातात, आणि काही आठवड्यांनी त्याच पट्टीवर थेंब टिकत नाही, गोळी होऊन घरंगळतो. गावच्या हवेत हे कसं होतं ते मला बघायचं होतं. प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्यावर अवलंबून होतं. म्हणून महिनाभर घरी राहिलो, पट्ट्या फळीवर मांडल्या आणि रोज एकेक थेंब टाकून बघत बसलो. चौथ्या आठवड्यात थेंब घरंगळायला लागले.

त्याच आठवड्यात एका कामासाठी जिंतूरला गेलो. संध्याकाळी परतलो तर पट्ट्या ओट्यावर ओळीनं मांडलेल्या. मायनं राख आणि तारेची घासणी घेऊन दुपारभर त्या घासल्या होत्या. बोटांची टोकं सोलली होती.

"लय चिवट काळं होतं," ती हसत म्हणाली. "पार न्हाई निघालं, पण बघ कसं चमकायलंय."

मी थेंब टाकला. तो पसरला. माझं डोकंच फिरलं. शेजारपाजारी ऐकू जाईल असा मी ओरडलो, "माझ्या वस्तूंना हात लावायचा न्हाई! कितीदा सांगायचं?"

एकदाही सांगितलं नव्हतं.

मोठ्या घरच्या लग्नांत मागच्या दारी कढया, पातेली घासण्यात मायचं अर्धं आयुष्य गेलं. तिनं लखलखीत केलेल्या भांड्यांवर घरातल्या बाया "आता हात लावू नको" म्हणत आधी पाणी शिंपडायच्या, मगच ती आत न्यायच्या. हे तिनंच मला कधीतरी सहज सांगितलं होतं. त्यावर मी चौदा एप्रिलच्या जयंतीला तावातावानं भाषण ठोकलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. लाज वाटते सांगायला.

माय रडली नाही. हात पदराला पुसत म्हणाली, "त्या बाया तरी हळू बोलायच्या."

पट्ट्या मी पुन्हा केल्या. प्रकरण लिहून झालं, पदवीही मिळाली. आता सुट्टीत घरी जातो, तेव्हा माय दारात माझ्या बॅगेपाशी थांबते. तिच्याच घरात, पोटच्या पोराला विचारते, "उचलू का?"

मी दर वेळी हो म्हणतो. पुढच्या वेळी ती पुन्हा विचारते.