पालथे घातलेले रांजण

प्रतिभा मंडलिक मखमलाबादच्या. घरचा फुलांचा मळा. एक्क्याण्णव साली त्या नाशिकच्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायला लागल्या, तेव्हा वडील खंडेराव झेंडूच्या पाट्या टेम्पोत चढवत म्हणाले, "तीन हजार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांची चौकशी करायला पगार देतात, म्हणजे कमालच." पण गावभर ही बातमी सांगत फिरले तेच.

पीएच.डी.साठी प्रतिभाताईंनी विषय घेतला तो दुष्काळात ओस पडलेल्या जुन्या गावांचा. गिरणेच्या काठी तशा एका वस्तीचं उत्खनन चाललं होतं. पाऊस हटला, पिकं गेली आणि माणसं उठून गेली, इतपत सगळ्यांना मान्य होतं. मार्गदर्शक म्हणत, "तिथे ती संस्कृती संपली." ताईंना हे पटेना. सर्वांत वरच्या थरातल्या घरांत ना जाळपोळीच्या खुणा, ना पळापळीच्या. पाटे भिंतीला टेकवलेले, रांजण ओळीने पालथे घातलेले. कायमचा निघालेला माणूस एवढी आवराआवर कशाला करेल?

त्याच वर्षी दिवाळीनंतर ललिता नावाची विद्यार्थिनी वर्गात यायची थांबली. मुलगी हुशार, म्हणून ताई चौकशी करत थेट सुरगाण्याकडच्या तिच्या पाड्यावर गेल्या. भातकापणी उरकली होती आणि घरातले सगळे पिंपळगावला द्राक्षाच्या कामाला निघाले होते. ललिताची आई अक्काबाई मडकी पालथी घालत होती.

"मंग उंदीर घाण करत नाय," ती म्हणाली. "होळीला आलं का धुवायची, चूल पेटवायची."

ताई त्या मडक्यांकडे बघतच राहिल्या. मग भानावर येऊन ललिताला म्हणाल्या, "तू पिंपळगावला जा. रविवारी मी तिकडे येते."

आणि त्या खरंच जात राहिल्या. बागेच्या कडेच्या शेडमध्ये, रिकाम्या क्रेटवर बसून दोघींचा तास चाले. ललिता बी.ए. झाली, मग एम.ए.ला बसली.

प्रबंधाचं मात्र अडलं. गिरणाकाठची माणसंही परत यायच्या बेतानेच निघाली असतील, असं ताईंनी अक्काबाईच्या मडक्यांवरून मांडलं होतं. परीक्षक तोंडी परीक्षेत म्हणाले, "बाई, कल्पना छान आहे. पण सुरगाण्यातल्या एका घरावरून तीन हजार वर्षांपूर्वीचं कसं ठरवणार? जमिनीतला पुरावा आणा." प्रबंध परत आला. ताई दोन दिवस परीक्षकांचा शेरा पुन्हा पुन्हा वाचत होत्या. तिसऱ्या दिवशी भाकरी खाताना म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे."

"मग खण आणखी," खंडेराव म्हणाले. "जमीन कुठे पळाली?"

त्यांनी पुन्हा खणलं. पुढचे दोन हिवाळे त्या खड्ड्यात बसून होत्या, सोबत ललिता. घराच्या वरच्या जमिनीखाली वाऱ्याने आणलेल्या मातीचा पातळ थर निघाला, त्याखाली आणखी एक सारवलेली जमीन, पुन्हा मातीचा थर. चूल मात्र प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्यात. माणसं वाईट वर्षांत जात होती आणि परत येत होती. फक्त शेवटच्या खेपेला आली नाहीत.

अठ्ठ्याण्णव साली त्याच परीक्षकांनी प्रबंध मान्य केला. वर हसून म्हणाले, "ते सुरगाण्याचं घरही राहू द्या आत. वाचायला बरं वाटतं."

पुढे ताई विभागप्रमुख झाल्या. स्थलांतर आणि संकटातले समाज हा विषय त्यांनी अभ्यासक्रमात आणला. सुरुवातीला पोरं कमी यायची. मग सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांची मुलं यायला लागली, कारण जवळजवळ प्रत्येकाचं घर दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यातून आलेलं होतं.

ललिताला दोन हजार पाच साली घोटीच्या कॉलेजात नोकरी लागली. तिच्या पहिल्या तासाला ताई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. गिरणाकाठच्या वस्तीबद्दल ऐकून एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग ती माणसं शेवटी गेली कुठे?"

"ते अजून कळलेलं नाही," ललिता म्हणाली. "दिवाळीनंतर आम्ही दोघी शोधायला निघतोय. यायचं असेल त्याने टोपी आणि पाण्याची बाटली आणावी."

अर्ध्या वर्गाने हात वर केले.