डावीकडचं दार

आमच्या घरमालकांच्या मते जगातल्या यच्चयावत भानगडींचं मूळ एकच आहे: माणसं पहिला थर नीट सुकू देत नाहीत. शेजारच्यांचा मोडलेला साखरपुडा असो, दर पावसाळ्यात उखडणारा गावातला रस्ता असो किंवा माझ्या मुलीचं कच्चं बीजगणित असो, काका सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "घाई केली. सुकू द्यायला हवं होतं." तसा त्यांचा जन्म गणिताच्या मास्तरकीत गेलेला, पण हे तत्त्वज्ञान त्यांना गणिताने शिकवलं नाही, स्प्रे पेंटच्या डब्याने शिकवलं. वसईतल्या त्यांच्या वाडीत, मागच्या दोन खोल्यांत, आम्ही नऊ वर्षं भाड्याने राहिलो. त्यातली सहा वर्षं काका आपल्या आकाशी गाडीचं एकच दार रंगवत होते.

ते दार पुढचं डावं, म्हणजे काकींच्या बाजूचं. एका रविवारी मिस्साला जाताना काकांनी गाडी चर्चच्या फाटकाच्या खांबाला घासली. काकी आत बसलेल्या आणि अर्धा गाव पायऱ्यांवर उभा. काकी उतरल्या, पदर सारखा केला आणि सर्वांसमोर सांगून टाकलं की दार पुन्हा गाडीच्या रंगाचं होईल तेव्हाच आपण हिच्यात पाऊल ठेवू. गाडी गॅरेजला टाकली असती तर चार दिवसांत विषय मिटला असता. मी तसं सुचवून पाहिलं. काका म्हणाले, "पाप मी केलं. मग कबुली द्यायला, कुमसाराला, दुसऱ्याला कसा पाठवू?" त्यामुळे दर रविवारी आमच्या गावात एक मिरवणूक निघायची. पुढे गाडीत एकटे काका, मागे रिक्षात काकी. रिक्षा नजरेआड होऊ नये म्हणून काका इतकी हळू गाडी हाकत की सायकलवाले त्यांना नमस्कार करून पुढे जात.

डब्यावर लिहिलेलं असतं की वापरण्याआधी दोन मिनिटं हलवा. काका घड्याळ बघत नसत, दहा 'नमो मारिया' होईपर्यंत हलवत. आतली गोळी खुळखुळ वाजायची आणि त्या आवाजाने आम्हाला सकाळी जाग यायची. डबा आणि दार यांच्यात एक वीत आणि चार बोटं, ना कमी ना जास्त. आणि दाराला हात लावण्याआधी रंगाची परीक्षा दुसऱ्या कशावर तरी व्हायचीच. झारी झाली, पत्रपेटी झाली, कोंबड्यांचं खुराडं झालं, विहिरीवरचा रहाट झाला, एकदा माझं हेल्मेट हाताशी सापडलं तर तेही झालं. सहा वर्षांत वाडीतल्या सगळ्या वस्तू एकमेकींशी जुळल्या, दार तेवढं गाडीशी जुळेना. डबा अगदी बरोबर नंबराचा होता, पण गाडी इतकी वर्षं उन्हात उभी राहून विटलेली. "रंग बरोबर आहे," काका म्हणायचे, "गाडी चुकली आहे." मग पॉलिश पेपर घेऊन सगळं खरवडायचं आणि पुन्हा राखाडी प्रायमरपासून श्रीगणेशा. त्या प्रायमरची भुकटी काकांच्या भुवयांत असायची, कानांत असायची, चहाच्या कपातही असायची.

हवेच्या बाबतीत मोबाइलवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पाचूबंदरहून मासे घेऊन येणारी कोळीण टोपली उतरवायची, समुद्राच्या बाजूला तोंड करायची आणि निकाल द्यायची, "मास्तर, वाऱ्यात पानी हाय. आज नका मारू रंग." ओल्या हवेत मारलेला रंग दुधाळ पडतो, हे काका अनेकदा तोंडघशी पडून शिकले होते. तेव्हापासून तिचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही.

दोन वर्षांपूर्वी, पाऊस सरता सरता, एका सकाळी काकी अंगणात आल्या. दारावरून हात फिरवला, झालं की एकसारखं, असं म्हणाल्या आणि चक्क गाडीत जाऊन बसल्या. मी आनंदाने ओरडणारच होतो, पण काकांचा चेहरा उतरलेला. दार बाकीच्या गाडीपेक्षा इतकं निळं होतं की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तिला दिसत नाहीये रे," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ते काकींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले निघाले. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन दोन आठवड्यांनी ठरलं. पट्टी निघाली की काकींना सगळ्यात आधी ते दार दिसणार, आणि त्या पुन्हा रिक्षा बोलावणार, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. दुसरा कोणी असता तर तारीख पुढे ढकलायची सबब शोधली असती. काकांनी दार पत्र्यापर्यंत खरवडलं.

पुट्टी भरली, घासली, प्रायमरचे थर दिले, प्रत्येक थर हवा तेवढा सुकू दिला. आता फक्त निळा राहिला. पण वारा काही कोरडा होईना. कोळीण रोज मान हलवायची. शेवटच्या सकाळी काकांनी डबा हलवला, दहाही प्रार्थना पूर्ण केल्या आणि डबा खाली ठेवून दिला. घाईचा खोटा निळा दाखवण्यापेक्षा खरा प्रायमर बरा, असं पुटपुटत ते गाडीत बसले. आदल्या दिवशी पट्टी बांधलेल्या काकींना आणायला मीही बरोबर गेलो.

काकी हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरून आल्या. समोर आकाशी गाडी, तिला राखेच्या रंगाचं दार, आणि दारापाशी फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरासारखे काका. काकींनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि पाहिलं. दाराकडे नाही, काकांकडे.

"हे काय, डोक्याला प्रायमर तसाच घेऊन आलात?" त्या म्हणाल्या. रुमाल काढला आणि काकांचं कानशील पुसायला लागल्या. एकदा पुसलं, दोनदा पुसलं, मग जरा जोर लावून पुसलं. मग त्यांचा हात केसांवरच थांबला.

"कधी झालं हे?"

"हळूहळू," काका म्हणाले. "थर चढत गेले."

काकींनी रुमाल मिटला. त्यांनी स्वतःच ते राखाडी दार उघडलं आणि पुढे बसल्या. मी मागे बसून घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण मला रडू येत होतं आणि ते त्या दोघांना दिसू द्यायचं नव्हतं.

आता आम्ही विरारला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या महिन्यात वाडीवर गेलो होतो. काकींचा दुसरा डोळाही झालाय, आणि रविवारी दोघं एकाच गाडीतून मिस्साला जातात. दार अजून राखाडीच आहे. निळा डबा खुराड्यावर धूळ खात पडलाय. हवा छान कोरडी होती, म्हणून मी विचारलं की आता रंगाला काय हरकत आहे. काका सवयीने म्हणाले, सुकू दे. काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग काकांकडे.

"राहू द्या तसंच," त्या म्हणाल्या. "आता जुळलंय."

काकांचा हात नकळत कानशिलाकडे गेला. मी माझं आकाशी हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि त्यांचा निरोप घेतला. आमच्या इमारतीत सकाळी काहीच खुळखुळत नाही. तरीही मला त्याच वेळेला जाग येते.