अनंत निवडायला रायपूरला

गोंदियाहून गाडी सुटताना बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "या खेपेले नीट निवडून आण. नाही जमलं तं त्या तुकड्यात मी पुन्हा झेंडू लावीन." रागानं नाही बोलले. पण बोलले.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. कृषीची पदवी घेतली आणि बाबांकडून झेंडूचा अर्धा तुकडा मागून त्यात अनंताची रोपं लावली. वर्षाच्या आत पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाची फवारणी केली की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. माती लागवडीआधी तपासली होती, चांगली होती. तेव्हा दोष जातीचाच, असं मी ठरवून टाकलं.

रायपूरला चौबे कॉलोनीत मावशी राहते. तिच्या सासरची माणसं भोसल्यांच्या काळापासून इकडची. तिनं ताटात गरम फरा (तांदळाच्या पिठाचे उकडलेले लांबट मुटके) वाढला आणि विचारलं, "काहून गं, तिकडं झाडं नाही मिळून राहिली का?"

तिचा नितीन मराठी सगळं समजतो, उत्तर हिंदीत देतो. "दीदी, फूल पसंद करने के लिए बीएससी की थी क्या?"

"हव, अन् तू बीकॉम करून चटणी मागून राहिला," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तेलीबांधा तलावाकडं जायचं म्हणून मी भलत्याच ऑटोत बसले आणि पंडरीच्या बाजारात उतरले, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये. तिथून परत फिरून तलावापलीकडच्या रोपवाटिकेत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं.

मालकानं गंधराज (इकडं अनंताला हेच म्हणतात) तीन तऱ्हेचे दाखवले. एक एकेरी पाकळ्यांचा, उंच, कुंपणाला चांगला. दुसरा बुटका, बारीक पानाचा, कुंडीत शोभणारा. तिसरा दुहेरी, मोठ्या फुलाचा कलमी. त्याच्यापाशी मी थांबले. हीच जात माझ्या तुकड्यात पिवळी पडली होती. इथं पानं तेल लावल्यासारखी चकाकत होती.

"भैया, पानी कहाँ का देते हो?"

"बोर का. इतना खारा कि बाल्टी में सफेद पपड़ी जम जाती है."

पाणी आमच्या बोरसारखंच खारं, जात तीच. मग?

तण काढत बसलेल्या सुखमतबाई आमचं ऐकत होत्या. काय घालता, म्हणून मी त्यांना विचारलं.

"पत्ता-खातू (पालापाचोळ्याचं खत), अऊ का! तैं चूना तो नइ डारस ना, नोनी?" चुना तर नाही ना टाकत, पोरी? "मोर ससुर डारिस, सब्बो पिंवरा गे." त्यांच्या सासऱ्यानं टाकला होता, सगळी झाडं पिवळी पडली.

नाही, म्हणणार होते. पण तुकड्यात मी एकटीच कुठं वावरत होते? बाजूला जाऊन बाबांना फोन लावला.

"चुना? टाकतो नं. दर पंधरा दिवसांनी बुडाशी, चिमूट चिमूट. मुंग्या लागून राहिल्या होत्या तुह्या झाडाले. काहून?"

झेंडूला ते वर्षानुवर्षं असंच करत आले, झेंडूनं कधी तक्रार केली नाही. आणि अनंताला चुना सोसत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाबांना सांगितलं मात्र नव्हतं. त्यांना त्यातलं काय कळणार, असंच मनात होतं माझ्या.

"बाबा, त्यानंच पिवळी पडली."

"मले पयलेच सांगतलं असतं तं..." आणि फोन बंद.

मी कलमी अनंताची चार रोपं घेतली, तीच जात. परतीच्या गाडीत ती मांडीवर धरून बसले. घरी गेल्यावर तुकड्यात अनंत असेल की झेंडूचे वाफे, काही कळत नव्हतं.

घरी पोचले तर बाबा तुकड्यातच होते. प्रत्येक झाडाच्या बुडाची वरची चार बोटं माती खुरप्यानं अलगद काढून त्यांनी बांधापलीकडे टाकली होती. एक मूळ दुखावलं नव्हतं. एवढा हलका हात मला चार वर्षांच्या कॉलेजात कोणी शिकवला नाही.

"सांग आता, काय टाकाचं?" त्यांनी विचारलं. शेतातलं काही त्यांनी मला विचारायची ही पहिली वेळ.

"पालापाचोळ्याचं खत. पण एका झाडाले किती, ते मले नाही माहीत, बाबा."

"मंग पाहू दोघं," म्हणाले, आणि रोपं माझ्या हातातून घेतली.