गाणारा मौनी साधू

टेक्ससमधल्या डासांना विमानतळावर बोर्डिंग पास मागतात, हे मी तुम्हाला सांगितलंय. माझ्या बॉसच्या स्विमिंग पूलमध्ये मगर निघाली आणि मी तिला मराठीत दटावून बाहेर काढली, हेही सांगितलंय — आणि दर वेळी मगर हातभर वाढवून सांगितलंय. ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमध्ये कुणाच्याही घरी पॉटलक, म्हणजे ज्याचा त्याचा पदार्थ आणून केलेलं जेवण असलं, की जेवणानंतर मला सोफ्याच्या मधोमध बसवतात. पण एक गोष्ट त्या सोफ्यावर कधी आली नाही. बायकोपुढे नाही, पोरीपुढे नाही. तिच्यात मगर नाही. तिला वाढवायला जागाच नाही — जेवढी आहे तेवढीच माझ्या घशात अडकते.

सुरुवात डेलपासून करतो. तिथून सोपी आहे, म्हणून.

डेल माझा शेजारी. दारातून आत येताना त्याला टोपी काढावी लागली असती, आणि टोपी तो देवापुढेही काढत नसे, म्हणून गुडघ्यात वाकून यायचा. कंट्री सिंगर. कंट्री म्हणजे तिकडचं मातीतलं गाणं — पिकअप ट्रक, म्हातारी आई, सोडून गेलेली बायको, न सोडून गेलेला कुत्रा. ह्यूस्टनच्या आसपासच्या डान्स हॉलमध्ये तो कुत्र्याच्या कडव्याला आला की धिप्पाड गुराखी टोप्यांत तोंड लपवून रडायचे. मी पाहिलंय. बरं, दोघं रडले होते. पण धिप्पाड होते.

आणि या माणसाला रॉक गायचं होतं! कडक, किंचाळणारं, भिंती हलवणारं रॉक. स्वतःच्या नावानं गायला असता तर त्याच्या लोकांनी त्याला काऊंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, काढला असता. म्हणून त्याला एक माणूस हवा होता — मुळात नसलेला. २००४ च्या उन्हाळ्यात एका शनिवारी तो कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "तुझ्याइतकं खोटं बोलणारा माणूस मला माहीत नाही. मला एक माणूस बनवून दे."

याहून मोठा सन्मान मला आजवर मिळालेला नाही.

मी त्याला लायनेल स्टॉर्म बनवून दिला. जन्म अलास्कातल्या दीपगृहात. आई सर्कशीत झोके घेणारी. दोनदा वीज अंगावर पडलेली, दुसऱ्यांदा त्याच्या विनंतीवरून. फोटो काढू देत नाही, कारण फोटोत येतच नाही. डेल हसून हसून कुंपणावर आडवा झाला. पण पुढचं मी बनवलेलं नव्हतं. त्याच्या गॅरेजमध्ये भिंतींना जुन्या गोधड्या ठोकून स्टुडिओ केला होता. तिथं त्यानं टोपी काढली — हो, काढली! — काळा लांब कोट चढवला, काळा चष्मा लावला, आणि माइकपुढे उभा राहिला. आणि माझा शेजारी तिथून निघून गेला. शपथेवर सांगतो. त्या गळ्यातून जो आवाज आला तो त्या गळ्याचा नव्हताच. शेल्फावरचे पेंटचे डबे थरथरत होते. माझ्या हातावरचे केस उभे होते. खोटं नाव घेतल्यावर माणूस इतका खरा होतो? मी आयुष्यभर थापा मारत आलो, पण थापेच्या आत इतकी जागा असते हे मला ठाऊक नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात माझे वडील आले. बाबूजी. नागपूरहून, सहा महिन्यांसाठी. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं; घरात आम्ही दोघंच.

आता इथे मला जरा थांबू द्या.

बाबूजी गायचे. वर्कशॉपमधली नोकरी सांभाळून वस्त्यावस्त्यांत भीमगीतं — स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली. गाण्यांच्या मधे ते जे बोलायचे त्यानं मंडप हसून लोळायचा. माझी मगर तिथूनच आलेली आहे. त्यांच्यानंतर आलेल्या पोरांच्या कॅसेटी निघाल्या, लाउडस्पीकरवर वाजल्या. बाबूजींची एकही निघाली नाही. ते हसण्यावारी न्यायचे — "अबे, माह्या आवाजानं मशीन फुटते" — पण कॅसेटच्या दुकानापुढून जाताना त्यांची चाल हळू व्हायची.

आणि आमच्या गाण्यांची एक रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो. नाव आणि वस्ती. बाबूजी त्या कडव्याला नेहमी उभे राहायचे. पेटी मांडीवरची खाली, आणि ताठ उभे. मी लहान असताना मला वाटायचं, गाणं संपत आलं की ते उंच होतात.

आणि मी? शुगर लँडमध्ये नवा आलो तेव्हा पहिल्याच गणपतीत एका काकांनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, गातात. "वा! शास्त्रीय?" मी म्हटलं, हो.

एवढंच. आमचं आडनाव असं, की त्यावरून कुणाला काही कळत नाही. मग त्या "हो"ला मी एक घराणं जोडलं, एक गुरू जोडला, पहाटेचा रियाज जोडला. सगळ्यांना फार आवडलं. माणसं चांगली होती. मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. मी कधी सांगून पाहिलंच नाही, त्यामुळे त्यांना दोष द्यायचीही सोय नाही.

बाबूजींना मी इथल्या मराठी मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला नेलं नाही. जेट लॅग आहे, म्हणायचो. जगाच्या इतिहासात इतका टिकलेला जेट लॅग दुसरा नसेल.

मग घरात बसून बसून कंटाळलेले बाबूजी एका सकाळी डेलच्या उघड्या गॅरेजपाशी जाऊन उभे राहिले. मी कॉफीचा कप घेऊन पोचेपर्यंत ते एका पालथ्या बादलीवर बसले होते आणि बर्फाच्या रिकाम्या पेटीवर ठेका धरून होते. डेल गिटार वाजवत होता. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. डेल त्यांना "सर" म्हणत होता, ते त्याला "डेलराव" म्हणत होते. मला बघून म्हणाले, "अबे, हा टोपीवाला सुरात आहे! याले सांग, ठेका मांगे पडून राह्यला." मी सांगितलं. डेलनं गुरूपुढे लववावी तशी मान लववली.

पुढच्या शनिवारी डेल म्हणाला, त्यांना गायला सांग. माझ्या अल्बमवर.

रेकॉर्डिंगच्या वेळी एसी बंद करावा लागायचा, त्याची घरघर माइकमध्ये यायची. जुलै महिना, ह्यूस्टनची ती उकडलेली हवा, गॅरेजचं दार लावलेलं. डेल कोटात वितळत होता. मी भिंतीला टेकून मरत होतो. बाबूजी म्हणाले, "याले गर्मी म्हंतेत का? आमच्या इथं अशा दिवशी लोकं स्वेटर घालतेत." — तुम्हाला वाटलं होतं, हा रोग मला एकट्यालाच आहे?

आणि ते गायले.

माय निघाली घागर घेऊन, वाट कुठं गं पाण्याची.

मी ते गाणं हजारदा ऐकलेलं. झोपेत ऐकलेलं, कंटाळून ऐकलेलं. पण कानाला हेडफोन लावून, गोधड्यांच्या त्या मुक्या खोलीत, दुसरा कुठलाच आवाज नसताना — मी कधी ऐकलंच नव्हतं. त्या आवाजात खडी होती, आणि खडीखाली पाणी. डेलची गिटार दुसऱ्या कडव्याला हळूच त्याच्या मागून आली आणि तिसऱ्याला ओरडायला लागली, आणि बाबूजी हटले नाहीत. ते तिच्यावर स्वार झाले. दीपगृह, वीज, सर्कस — मी रचलेलं सगळं त्या आवाजापुढे पाचोळा होतं. डेलनं काळा चष्मा काढला. त्याचे डोळे मी बघितले, आणि या वेळी आकडा वाढवत नाही — एक माणूस रडत होता.

शेवटच्या कडव्याला बाबूजी बादलीवरून उठले. उभे राहिले. डेलनं एका हातानं त्यांच्या बरोबर माइकचा दांडा वर उचलला, जसा एखादा झेंडा उचलावा.

सांगतो गणपत इंदोऱ्याचा —
भीमानं दाविली वाट पाण्याची.

त्यांचं नाव. आमची वस्ती. आणि ते तिसरं नाव, ज्याच्यामुळे मी त्या गॅरेजमध्ये उभा होतो — इंजिनियर होऊन, अमेरिकेत येऊन, भाड्याच्या का होईना पण घरात राहून. तोवर ते गाणं कुठल्याही आईचं, कुठल्याही घागरीचं होतं. शेवटच्या कडव्यानं ते आमचं केलं.

नंतर डेलनं विचारलं, शेवटी ते उभे का राहिले?

मी म्हणालो, गुडघे आखडतात त्यांचे.

पंधरवड्यानं तो कॉम्प्युटरवर सगळं जुळवायला बसला. बाबूजी घरी झोपले होते. डेल म्हणाला, गाणं लांबतंय, पण हा शेवट कापायला माझा हात धजत नाही. इथे ते काय म्हणतात?

मी सांगू शकलो असतो. डेलला त्यातलं काही कळलं नसतं, तरी त्यानं ते हृदयाशी धरून ठेवलं असतं. पण सीडी निघणार होती. सीडी गावात फिरणार होती. आमच्या मंडळात नागपूरची चार घरं होती, आणि इंदोरा कुणाची वस्ती, हे त्यांना सांगावं लागलं नसतं. माझं घराणं, माझा गुरू, माझा पहाटेचा रियाज —

मी म्हणालो, काही नाही. पहिलंच कडवं परत म्हणतात. काप.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की."

पडद्यावर त्या कडव्याची हिरवी रेघ दिसत होती. डोंगरासारखी, वर चढत गेलेली. त्यानं तिथं आवाज हळूहळू उतरवत नेला. डोंगर विरला. मग त्यानं विचारलं, सीडीच्या वेष्टणावर नाव काय घालू? आणि मी — माझी जीभ बघा, अशा वेळीही चालली — मी म्हणालो, लिही, हिमालयातला एक मौनी साधू. मौनी साधू गातो कसा, हे आजतागायत एकाही माणसानं विचारलेलं नाही.

लायनेल स्टॉर्म गाजला. म्हणजे, कॉलेजच्या पोरांच्या रेडिओवर गाजला. कोण आहे, कोण आहे, म्हणून चर्चा. गणपतीच्या पॉटलकला आमच्या एका मित्रानं ती सीडी आणली. "यार, हे ऐका, हा म्हातारा मराठीत गातोय!" बाबूजींचा आवाज त्या दिवाणखान्यात आला आणि हातातल्या प्लेटी हातात राहिल्या. पोरांनी व्हिडिओ गेम थांबवला. एक मावशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. गाणं विरलं. मग ते काका, तेच, हळू आवाजात म्हणाले, "कोण आहे हा माणूस?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लायनेल म्हणजे माझा शेजारी डेल, हे गुपित आमच्या लोकांत मीच फोडलं होतं. बाबूजी गाडीनं दहा मिनिटांवर माझ्या घरी टीव्हीपुढे एकटे बसले होते.

मी सोफ्याच्या मधोमध बसलो आणि त्यांना हिमालयातल्या साधूची गोष्ट सांगितली. बर्फ घातला, गुहा घातली, अस्वल घातलं. टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली जमलेली थाप असेल.

बाबूजींना सीडी मिळाली ती जायच्या दिवशी; तोवर मी काही ना काही सांगून टाळत आलो होतो. डेल टोपी हातात धरून आला, त्यांच्या हातात सीडी ठेवली आणि वाकून पाया पडला — हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे, मी नाही. विमानतळाच्या वाटेवर गाडीत बाबूजी म्हणाले, "लाव बे. पाहू दे मशीन फुटते का."

मी लावली. त्यांनी डोळे मिटले. हात मांडीवर ठेका धरत होता. तिसरं कडवं संपलं. मी रस्त्याकडे बघत होतो. मला दिसलं, त्यांनी पाय जवळ घेतले, पाठ सरळ केली — उठायची तयारी. आणि गाणं विरत गेलं. ठेका काही वेळ एकटाच चालला. मग पुढच्या गाण्याच्या गिटारी धाडकन सुरू झाल्या.

बाबूजींनी हात पुढे करून बटण दाबलं. बंद.

हायवेवर ट्रक जात होते. बाबूजींनी सीटबेल्ट सोडला. गाडी टिंग टिंग ओरडायला लागली. जितकं उठता येईल तितके ते उठले — डोकं छताला टेकलं, मान वाकडी झाली, एक हात डॅशबोर्डवर — आणि त्यांनी शेवटचं कडवं म्हटलं. पूर्ण आवाजात. नाव, वस्ती, भीम, वाट. गाडी टिंग टिंग करत राहिली आणि ते तिच्या ठेक्यावर गात राहिले, कारण दुसरा ठेका नव्हता. काचा थरथरल्या. मी एवढ्या थापा मारल्यात तुम्हाला, पण काचा थरथरल्या. माझ्या शेजारी बसून माणूस उंच होत होता, आणि वर गाडीचं छत होतं.

मग ते खाली बसले. पट्टा लावला. टिंग टिंग थांबली.

ते बाहेर बघायला लागले. मग म्हणाले, "टेप लहान पडली असन त्याची."

मी म्हणालो, "हो."