आईनं पास न केलेली माणसं

माणसं निवडण्याचा मला पगार मिळतो. गोरेगावच्या एका कंपनीत बसून मी समोरच्याला "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?" असं विचारतो. (मला कुणी विचारलं तर दहिसर चेकनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये, असं सांगावं लागेल.) त्यामुळे आमच्या इमारतीच्या मंडळानं एकट्या म्हाताऱ्यांसाठी सोबती शोधायचं ठरवलं, तेव्हा भरतीचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

आमची चाळ पाडून तिथं टॉवर झालाय. चाळीत दारं उघडी असायची. टॉवरमध्ये दाराला भिंग असतं. ज्यांची मुलं लांब राहतात ते म्हातारे दुपारभर टीव्हीवरच्या बातम्यांना उत्तरं देत बसतात. त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा तासभर जाऊन बसायचं, एवढंच काम. नियम मीच केला: घरात मुलगा किंवा मुलगी राहत असेल, तर सोबती मिळणार नाही.

अध्यक्ष तांबेकाका म्हणाले, "जो येईल त्याला घे रे. फुकट तर काम आहे."

"काका, अशानं वाट लागते. योग्य माणूस निवडायला हवा. आधी चाचणी घेऊ."

"कोणावर?"

"आईवर."

आई महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. माणूस पारखण्यात तिचा हात कुणी धरला नसता. शिवाय बाबा गेल्यापासून, आम्ही नवराबायको कामावर गेलो की ती घरात एकटीच, म्हणजे तिच्याकडे वेळही भरपूर. (हे वाक्य मी तांबेकाकांना अगदी असंच, सोय म्हणून सांगितलं होतं.)

पहिले उमेदवार सावंत. बँकेतून निवृत्त, मूळचे मालवणकडचे. संध्याकाळी मी आईला विचारलं, "कसे वाटले?"

"माणूस चांगला आहे. पण तासभर स्वतःच्या गुडघ्याबद्दलच बोलला. अजून एकदा बघते."

मग कॉलेजातली ऋतुजा. "गोड आहे गं पोरगी," आई माझ्या बायकोला म्हणाली, "पण फार घाईत असते. पुढच्या आठवड्यात परत येऊ दे."

मग जिममध्ये शिकवणारा पराग. त्यानं पहिल्याच भेटीत आईला खुर्ची धरून उठाबशा काढायला लावल्या. मला वाटलं, हा नक्की गेला. आई म्हणाली, "दंड मोठे आहेत, स्वभाव कळायला वेळ लागेल."

असं करत दोन महिने गेले. पास कुणीच होईना! इकडे पाचव्या मजल्यावरचे जोशी आजोबा लिफ्टमध्ये मला गाठायचे. मुलगा कॅनडात, घरात चिटपाखरू नाही.

"अरे, माझा माणूस कधी पाठवतोस? बिस्किटं आणून ठेवली होती, ती सादळली."

"प्रक्रिया चालू आहे, आजोबा." (माणसाला ताटकळत ठेवायचं असलं की आमच्या धंद्यात हाच शब्द वापरतात.)

एक दिवस ताप आला म्हणून मी दुपारीच घरी परतलो. आमचं दार सताड उघडं. आतून आरडाओरडा. सतरंजीवर आई, सावंत, ऋतुजा आणि पराग पत्ते घेऊन बसलेले. सावंत परागवर खेकसत होते, "मेल्या, दश्शी दिलंस मां त्यांका!" आणि आई हसत होती. बाबा गेल्यापासून मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं.

"आई, हे काय चाललंय?"

"निवड," ती पानांवरची नजर न काढता म्हणाली. "चौघांत बसल्याशिवाय माणूस कळत नाही."

मेंढीकोटला, म्हणजे दश्श्या जिंकायच्या त्या खेळाला, चार माणसं लागतात, दोन-दोनच्या जोड्या. चाळीत रविवारी दुपारी गॅलरीत आई, बाबा आणि शेजारचं जोडपं असा डाव बसायचा. त्या चौघांत आता आई तेवढी उरली होती.

हे तांबेकाकांना कळलंच. ते तडक मला म्हणाले, "तुझ्या आईकडे जत्रा नि बाकीच्यांकडे शुकशुकाट. हे मंडळ आहे की तुमचा क्लब?"

मी आईसमोर बसलो. "आई, त्या तिघांना पास कर ना. जोशी आजोबा वाट बघतायत."

"पास आहेत," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी होते."

"मग अडवून का ठेवलंस?"

"पास केलं की तू त्यांना दुसरीकडे पाठवणार. आणि मला कुठला सोबती मिळायला? माझ्या घरात मुलगा राहतो. नियम तुझाच आहे ना?"

तिनं पत्ते गोळा केले, रबर लावलं आणि टीव्हीखाली ठेवून दिले. तिघं आपापल्या म्हाताऱ्यांकडे जायला लागले, ऋतुजा जोशी आजोबांकडे. आमचं दार पुन्हा बंद.

रविवारी मी बाहेर जाऊन आमच्याच घराची बेल वाजवली. "उमेदवार आहे," मी म्हणालो.

"या, बसा," आई गंभीरपणे म्हणाली. "नाव काय आपलं?"

दोघांत मेंढीकोट होत नाही, म्हणून आम्ही सात-आठ खेळलो. मध्येच ऑफिसचा फोन आला आणि मी उठलो. परत येऊन निकाल विचारला.

"बघू. पुढच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी कंपनीची सहल होती. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो, नंतरचे दोन चुकले. मी विचारायचो, "झालो का पास?" आई म्हणायची, "घाई करणारे उमेदवार मला चालत नाहीत." हे असं थंडीपर्यंत चाललं. मग एका पहाटे आई झोपेतच गेली. खांदा द्यायला सावंत गुडघ्याला पट्टा बांधून आले, आणि पराग त्यांना धरून चालत होता. आईची फार आठवण येते, रविवारी जास्त.

त्यानंतर ऋतुजाचं कॉलेज संपलं आणि तिला पुण्यात नोकरी लागली. जोशी आजोबांकडे जायला कुणी उरलं नाही, म्हणून मीच गेलो. आजोबांनी दार अर्धंच उघडलं आणि मला खालीवर न्याहाळलं.

"तू पास झालेला आहेस ना?"

"नाही, आजोबा," मी म्हणालो. "परीक्षक माझी सख्खी आई होती, तरी राहिलो."