कोपराने उघडायचा नळ

भुताखेतांचा विषय निघाला की चहा टाकायला उठून जाणारी बाई मी. त्यामुळे हे मी लिहितेय याचं सगळ्यात जास्त नवल माझ्या नवऱ्यालाच वाटतंय... असो.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. नवरा मोटारींच्या कंपनीत, म्हणून चेन्नईत. आमची ओवी वेळेच्या फार आधी जन्मली आणि थेट अण्णा नगरमधल्या एका हॉस्पिटलच्या एनआयसीयूत गेली. एवढासा जीव! त्यात शेजारच्या पेटीतल्या बाळाला तिथेच इन्फेक्शन झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं - हे बहुतेक हातांवरून पसरतं, आणि ओवीला झालं तर तिला झेपणार नाही.

तिथल्या मीनाक्षी सिस्टर म्हणजे साक्षात जमदग्नी! दारातच बेसिन, त्यावर कोपराने दाबायचा लांब दांड्याचा नळ. बांगड्या, घड्याळ, अंगठी काढा, कोपरापर्यंत हात धुवा, मगच आत. मोठे डॉक्टर असोत नाहीतर बाळाची आई, सुटका नाही. त्यांचे स्वतःचे हात तर धुऊन धुऊन भेगाळलेले. या बाईंना साष्टांग नमस्कार घालावा असं मला रोज वाटायचं.

सासूबाई साताऱ्याहून आल्या. त्यांना एकदाच आत सोडणार होते. कुरकुरत त्यांनी पाटल्या काढल्या, हात धुतले, गाऊन घातला. आम्ही दाराकडे वळलो आणि मागे नळ धो धो सुरू झाला. बेसिनपाशी कुणी नव्हतं! सिस्टरनी येऊन तो बंद केला - आणि तेवढ्यासाठी स्वतःचे हात पुन्हा धुतले. आम्ही पाऊल टाकलं... परत नळ. या वेळी मी वळून बघत होते. दांडा आपोआप खाली गेला, कुणीतरी कोपर टेकवावं तसा.

सिस्टर जराही दचकल्या नाहीत. सासूबाईंच्या मिटलेल्या मुठीकडे बघून म्हणाल्या, "पाट्टी, कै कळुवुंगो." आजी, हात धुवा.

मुठीत कुलदेवीचा अंगारा होता, हात धुतल्यावर हळूच कनवटीतून काढलेला!

"अगं, कपाळाला नुसता टेकवणार होते..." सासूबाईंना रडूच फुटलं. सिस्टर रागावल्या नाहीत. अंगारा कागदात बांधून त्यांना परत दिला. म्हणाल्या, "घर जाने के बाद लगाना."

नवऱ्याने नळ तपासला. "प्रेशर असेल," म्हणे. पण दांडा चांगला घट्ट होता. प्लंबरलाही काही सापडलं नाही. सिस्टरना विचारलं तर हसल्या. "जो भी है, हमारी तरफ़ है."

ओवीला इन्फेक्शन झालं नाही. शेजारचं बाळही सावरलं. हे श्रेय सिस्टरचं आणि त्यांच्या हाताखालच्या नर्स पोरींचं, त्यात मला शंका नाही.

घरी न्यायच्या दिवशी सासूबाईंनी ओवीला घ्यायला दारातच हात पुढे केले. मागे नळ सुरू!

सासूबाईंनी निमूट पाटल्या काढल्या, पदर खोचला आणि बेसिनकडे बघून म्हणाल्या, "धुते गं बाई, धुते!"

कुणाला म्हणाल्या, ते त्यांना अजून सांगता येत नाही. मला तर नाहीच नाही.